वस्ताद झोपलेत

नाइट संपवून सीपीआरच्या फाटकातून बाहेर पडते
तेव्हा हातांना अजून स्पिरिटचा वास असतो
आणि डोक्यात एकच: हललं असेल का.

सर्जेरावांनी आणलं त्याला उद्यमनगरातून
जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून.
लेथखाली लोखंडाच्या किसात पडलं होतं म्हणे.
नाव ठेवलं वस्ताद.
नाव ठेवल्यापासून वस्ताद झोपलेलेच.

रात्री मोरीपासून तिसऱ्या फरशीवर सोडून जाते,
सकाळी मोरीपासून तिसऱ्याच फरशीवर.
कुकरची शिट्टी झाली तर एक कान,
एकच, तोही अर्धा उठतो
आणि चुकून उठलो म्हणत परत पडतो.

"लेकरू हाय, झोपू दे की,"
खालच्या हौसाक्का म्हणतात,
"माझा धाकटा बी असाच हुता,
आता बघ, घरात ठरत न्हाई."
सर्जेराव रोज गंगावेशीतून दूध आणतात,
म्हशीच्या कासेतून थेट चरवीत, फेसासकट.
"प्या वस्ताद, मांडीला जोर येऊ दे."
वस्ताद दोनदा जीभ लावतात,
पोट ताशासारखं ताणलेलं,
आणि वाटीच्या काठावर हनुवटी ठेवून
पुन्हा तेच.

मी श्वास मोजते.
चौदा वर्षांची सवय,
सेकंदकाटा आणि पांघरुणाची हालचाल.
माणसाचे सोळा ते वीस, पाठ आहेत.
याचे आले अठ्ठावीस.
अठ्ठावीस म्हणजे जास्त का कमी
हे कुणाला विचारायचं?

बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा
मागच्या बुधवारी असेच झोपले होते.
शांत झोपलेत, उठवू नका सिस्टर,
म्हणाला त्यांचा जावई.
मी उठवायला गेले होते.
ते एवढंच.

म्हणून डोळे मिटत असताना
याला ओढणीत गुंडाळलं, रिक्षा केली.
जनावरांच्या दवाखान्यात आमच्यापुढे
एक रेडकू, एक शेळी,
आणि कोंबडा छातीशी धरून बसलेला शाळकरी मुलगा.
आमचा नंबर आला,
वस्ताद झोपलेत.

डॉक्टर मगदूमांनी आधी अंगठ्यानं ओठ वर केला.
हिरडी पांढरीफटक, चुना फासल्यासारखी.
"जंत आहेत. रक्त पितायत.
आणि दूध कुणी सांगितलं? म्हशीचं?
बंद."

दिवसाला वीस बायकांच्या पापण्या खाली ओढून
तांबडं-पांढरं बघणारी मी,
रक्ताचे तक्ते भरणारी,
या एवढ्याशा ओठाला हात लावला नव्हता.
नुसती मोजत बसले होते.

"वाचेल ना?"
नातेवाईक ज्या आवाजात विचारतात
त्याच आवाजात विचारलं मी.
आणि डॉक्टरही तेच म्हणाले जे मी म्हणते:
बघू. दोन दिवस जाऊ देत.

घरी सर्जेरावांनी चरवी पालथी घातली.
बोलले काहीच नाहीत.
सुतासुताचा हिशोब ठेवणाऱ्या त्या काळ्या बोटांनी
सिरिंज धरली, जबड्याच्या कडेनं
गुलाबी औषध सोडलं,
एक थेंब सांडला नाही.
सांडला असता तरी मी काय बोलणार होते.

रात्री ड्युटीवर फोन उशाला, म्हणजे टेबलावर,
औषधांच्या ट्रेशेजारी.
वाजला नाही.
न वाजणं चांगलं की वाईट,
याचाही तक्ता नाही कुठं.

सकाळी दार उघडलं.
तिसरी फरशी रिकामी.

पर्स खांद्यालाच होती.
चौथीवर काही नाही.
पाचवी-सहावीच्या सांध्यावर एक छोटं तळं, पिवळसर.
आणि आठवीवर, शिलाई मशीनच्या पायट्याखाली,
वस्ताद झोपलेत.

पाय न धुताच खाली बसले,
ओठ वर केला.
पांढराच अजून.
कडेला मात्र जरा,
म्हणजे मला वाटलं,
जरा.